उजव्या बाजूची कडवी

काल सकाळी गीझर बंद केला. आखातातला उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही, तो नळातून येतो. गच्चीवरच्या टाक्या तापल्या की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही आणि मग घरोघरी गीझरचं बटण बंद होतं. गीझरच्या टाकीतलं पाणी छपराखाली, सावलीत पडून राहतं आणि जरा निवतं. म्हणून पुढचे काही महिने आम्ही लाल खुणेच्या नळाखाली गार अंघोळी करतो आणि निळ्या खुणेच्या नळापासून चार हात लांब राहतो. नवा पाहुणा हमखास चटका खातो. मी इथे अर्धं आयुष्य काढलं, तरी दर मोसमात एकदा खातेच. काल खाल्ला, आणि बोटांवर फुंकर घालता घालता आम्ही आधी राहायचो त्या अल बर्शातला तो उन्हाळा आठवला.

त्या उन्हाळ्यात आमची सना कॉलेजसाठी पुण्याला गेली. एकुलती एक मुलगी. माझे यजमान इरफान लांब, डोंगरांपलीकडे, खोर फक्कानच्या बंदरात कामाला. ते शुक्रवारी संध्याकाळी घरी येत आणि रविवारी दुपारी जेवून परत जात. सनाच्या शाळेसाठी म्हणून आम्ही असं ठरवलं होतं, आणि वर्षानुवर्षं ते बिनबोभाट चाललंही होतं. सना घरात होती तोवर आठवड्याच्या मधल्या दिवसांना आवाज होता. चार्जर कुठेय, इस्त्री कुठेय, मम्मा आय ॲम लेट. ती गेली आणि सोमवार ते गुरुवार फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

आखातातल्या मोठ्या शहरांत उन्हाळ्यात जो मागे राहतो त्याच्याकडे सगळ्या मजल्याच्या किल्ल्या येतात. शाळा सुटल्या की कुटुंबं गावी जातात, आणि जाताना जो जात नाही त्याच्या दारावर टकटक करतात. आमच्या समोरची ग्लोरिया वसईची, एका हॉटेलात रिसेप्शनवर. ती दारात बॅगा ठेवून मला सूचना देत होती.

"नजमा, कढीपत्त्याला रोज पाणी घाल हां. आणि फ्लशपण मारत जा, नायतर पाइपातून कॉक्रोच येतात. सनडेला एसी थोडा वेळ लाव. तुला काय आणू?"

"सुकेळी आण."

"आणते. तू पण जाऊन ये ना गं घरी. एकटी काय करणार इथे?"

मी हसले. अम्मी-अब्बा दोघंही आता नाहीत. गावचं घर बंद. सना हॉस्टेलात. जायचं तरी कुणाकडे? हे तिला दारात, लिफ्ट थांबवून ठेवलेली असताना, काय सांगणार! "यल्ला, चल, फ्लाइट चुकेल," म्हटलं आणि किल्ली घेतली. मग रोज सकाळी मी परक्या घरांत शिरून परक्या कुंड्यांना पाणी घालत असे. बंद घरांना एक वास येतो, पडद्यांचा आणि न वापरलेल्या उशांचा. ग्लोरियाच्या कढीपत्त्याशी मी बोलायला लागले तेव्हा माझं मलाच हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली.

काम मात्र होतं. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी घरून टायपिंग करत असे. काम विलायतेतल्या एका ग्रंथालयाचं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिकडे साहित्यिक मासिकांचं अमाप पीक आलं होतं. त्यांत छापून आलेल्या कविता, फक्त कविता, आम्ही उतरवून काढायच्या. स्क्रीनवर जुन्या पानाचं छायाचित्र यायचं. पहिली ओळ, शेवटची ओळ, सही असेल तर सही, चित्र असेल तर चित्राची नोंद, आणि सगळी कविता अक्षर न् अक्षर टाइप करायची. मी काही इंग्रजी साहित्याची पंडित नव्हे. रत्नागिरीच्या कॉलेजात बी.ए. केलं, तेही जेमतेम. पण माझा हात साफ होता.

त्या मासिकांत कवितांची अवस्था मोठी मजेशीर. अर्ध्या पानावर कादंबरीचं प्रकरण संपायचं, पुढचा लेख गटारांच्या सुधारणेवर किंवा ध्रुवाकडे गेलेल्या जहाजांवर, आणि मधे जी बोटभर जागा उरली तिथे कविता बसवलेली. बसायला पाट नसलेल्या पाहुण्यासारखी ती तिथे अंग चोरून असायची. खाली बहुतेकदा नाव नसेच. कधी एखादं आद्याक्षर, कधी नुसत्या तीन चांदण्या. रकान्यात मी 'निनावी' असं लिहायचे आणि दर वेळी मनात यायचं, बाई, कोण होतीस गं तू? बाईच असणार असं मला उगाचच वाटे. चुलीवर काहीतरी शिजत ठेवून लिहिलेल्या ओळी ओळखू येतात.

डिसेंबरच्या अंकांत हिमच हिम. बाहेर एवढा उकाडा आणि दमटपणा की खिडकीच्या काचेला बाहेरून घाम सुटलेला, मोटारींच्या सावलीत मांजरं आडवी पडलेली, दुपारच्या उन्हात बांधकामं थांबलेली, आणि मी आत बसून गोठलेल्या तळ्यांवरच्या, उघड्या फांद्यांवरच्या कविता टाइप करतेय. इरफान चेष्टा करत. म्हणायचे, "बर्फ टाइप कर, एसीचं बिल कमी येईल." हे ते शनिवारी म्हणायचे. सोमवारी कुणी काही म्हणत नसे.

आता ह्या कामाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर आहे. एकच पान दोन माणसांना दिलं जाई. दोघांनी आपापल्या जागी, एकमेकांना न विचारता ते टाइप करायचं. मग मशीन दोन्ही मजकूर एकावर एक ठेवून बघायचं. जुळले की पास. दोन हातांनी सारखं लिहिलं की ते खरं धरायचं, असा नियम. जुळलं नाही तर तो शब्द पिवळा होऊन माझ्याकडे परत येई, आणि त्याखाली दुसऱ्याने काय लिहिलं ते दिसे. दुसरं माणूस कोण, हे मात्र कळायचं नाही. बोलायचं तर नाहीच.

म्हणजे गंमत बघा. जिथे आमचं जुळलं तिथे मला ती दिसायचीच नाही. चुकलं, की दिसायची. मी तिला 'ती'च म्हणत असे, कशावरून ते विचारू नका. फुलांची नावं तिला बरोबर यायची, माझी अडायची. जहाजांचे, दोरांचे, शिडांचे शब्द मला यायचे. कागद फाटला असेल तिथे मी नेमाने 'वाचता येत नाही' असं लिहायचे. ती मात्र अंदाजाने ओळ पुरी करायची, आणि अंदाज नेहमी चांगल्याच्या बाजूचा. पोर वाचलं असणार, पत्र आलं असणार, असा. मला तिचा रागही यायचा. पुरावा काय तुझ्याकडे, असं मी स्क्रीनला विचारायचे. पण सकाळी परक्या कुंड्यांना पाणी घालून आले की चहाही न करता आधी पिवळे शब्द उघडून बसायचे. शुक्रवारी दुपारनंतर तिची पानं येत नसत. ती रविवारी संध्याकाळी पुन्हा सुरू होत. माझंही तसंच होतं. तेव्हा मी ओळखलं की हिच्याही घरी शुक्रवारी कुणीतरी येतं.

अशात ती कविता आली.

जुलैच्या कुठल्याशा अंकातलं अख्खं पान तिला दिलं होतं, हेच नवल. मधोमध लाकडावर कोरलेलं चित्र होतं. किनाऱ्यावर पाठमोरी बाई, लांब पाण्यात एक शिडाची होडी. होडी येतेय की जातेय, चित्रावरून कळत नव्हतं. चित्राच्या दोन्ही बाजूंना कडवी, आकडे न घातलेली. पहिल्या कडव्याचं नक्षीदार अक्षर शाईच्या डागात बुडालेलं. खाली सही म्हणून एकच अक्षर. माझी नजर उजव्या बाजूवर पडली. होडी किनाऱ्याला लागते. तो ओले बूट दारात काढतो. लाकडी पेटी उघडतो, घरभर दूरचा वास पसरतो. मुलं पेटीभोवती. मग मी डावीकडे आले. पहाटे दोर सुटतो. ती हात हलवत नाही. घरात येऊन दिवा लावते आणि वारा ऐकत बसते. कविता संपली. मी ती तशीच उतरवली, पाठवली, आणि उठून खिडकीपाशी गेले. कितीतरी वेळ तिथे उभी होते.

कारण ते आमचं घर होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावातलं. माझे अब्बाही ह्याच खोर फक्कानला होते, ते बंदर लहान होतं तेव्हापासून. वर्षाआड यायचे. आमच्या लहानपणी आयुष्य सुरू व्हायचं ते अब्बा आले की. पेटी उघडली की साबणाचा, अत्तराचा, नव्या टॉवेलांचा वास सुटायचा. अम्मी सांदणं करायची. घर भरायचं. आणि मग एक दिवस जीप दाराशी यायची. जायच्या दिवशी अम्मी रडत नसे, आणि 'राहा' असंही म्हणत नसे. आमच्याकडे बायका तसं म्हणतच नाहीत. जाणाऱ्याचा पाय अडखळू नये म्हणतात. जीप वळणाआड गेली की अम्मी ओट्यावर बसायची, आणि दिवे लागेपर्यंत घरातला केर काढू द्यायची नाही. अब्बांच्या पायाची माती तेवढा वेळ घरात राहायची. अम्मीला काय वाटायचं, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, हे असंच असतं.

आणि रविवारी इरफानची गाडी गेली की मीसुद्धा केर काढत नव्हते. अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये, व्हॅक्यूम क्लीनर भिंतीला टेकवून, सोफ्यावर बसून राहायचे. उरलेलं सगळं आयुष्य मी अम्मीसारखंच काढणार का, हा प्रश्न मला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा पडला. सना होती तेव्हा कारण होतं. आता कारण उरलं नव्हतं, नुसती सवय उरली होती. तरी तोंडातून शब्द निघत नव्हता.

थोड्या दिवसांनी पुण्याहून फोन आला. अजिंक्य म्हणून एक तरुण मुलगा आमच्या कामावर देखरेख करायचा. अतिशय सभ्य, आणि त्या दिवशी अतिशय घाबरलेला.

"मॅडम, एक इश्यू झालाय. त्या बोटीच्या पोएममध्ये तुम्ही राइट कॉलम आधी घेतलाय. ॲक्च्युअली लेफ्ट आधी आहे. तो जातो, ती वाट बघते, मग तो येतो."

"असेल. चुकलं माझं. दुरुस्त करते."

"तसं नाही ना मॅडम. दुसऱ्या पर्सननेपण सेम टू सेम तेच केलंय. मशीनने पास केलं. आता क्लायंट म्हणतोय, एवढी मोठी चूक दोघं सारखीच कशी करतील? कॉपी केलंय. दोघांचेही आयडी होल्डवर आहेत. तुम्ही एकमेकींना ओळखता का?"

'एकमेकींना' म्हणाला तो. मी तेवढं पकडलं आणि पदरात बांधलं.

"नाही ओळखत," मी म्हटलं.

तो जरा अडखळला. "रागावू नका, पण तुम्ही अरेबिक, उर्दू वाचता ना? राइट टु लेफ्ट? त्यामुळे झालं असेल का? तसं मी क्लायंटला एक्स्प्लेन करू शकेन."

मला हसायला आलं. "अरे बाबा, मी कुराण उजवीकडून शिकले आणि एबीसीडी डावीकडून. आजवर घोटाळा नाही झाला. चप्पल मी आधी उजव्या पायात घालते, म्हणून काय लंगडते का?"

"सॉरी मॅडम."

"सॉरी नको. तू ती कविता आम्ही लिहिली तशी वाचून बघ. तो येतो. पेटी उघडतो. मग जातो. मग ती वाट बघते. ह्यात उलटं काय आहे?"

तो वाचत असावा. मग म्हणाला, "पण मॅडम, शेवटी तो यायला नको का? नाहीतर पोएम संपणार कशी?"

"आमच्याकडे अशीच संपते," मी म्हटलं. "आधी येणं, मग जाणं. हेच सांग तुझ्या क्लायंटला."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पिवळे शब्द नाहीत, पानं नाहीत. कामाचं एवढं वाटलं नाही. ती गेली ह्याचं वाटलं. जिचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आवाज कधी ऐकला नाही, तिच्यावाचून घर ओकंबोकं झालं, हे कुणाला सांगणार? सनाला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "मम्मा, यू नीड रिअल फ्रेंड्स." खरं होतं तिचं. मी ग्लोरियाच्या घरी जाऊन कढीपत्त्याला पाणी घातलं आणि तिच्याच खुर्चीत बसून पोटभर रडले.

मग अजिंक्यचा फोन आला. आयडी सुटले होते.

"त्या मॅडमनीपण तेच रीझन दिलं," तो म्हणाला. "जवळजवळ तुमच्याच शब्दांत. आधी तो येतो, मग जातो. रेकॉर्ड्सपण चेक केले, क्लायंटला पटलं शेवटी, की हे ठरवून केलेलं नाहीये."

"कुठल्या रे त्या? इथल्याच का? केरळच्या? आपल्या कोकणातल्या?"

"सॉरी मॅडम. नाही सांगता येत. आणि आता रूल म्हणून तुमची पेअर बदललीये. पुढची पानं दुसऱ्या कुणाबरोबर असतील."

"एक निरोप देशील?"

"नाही देता येणार मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, ते मला कळलं. नव्या जोडीदाराचं अक्षर न् अक्षर माझ्याशी जुळायचं. तो इतका बिनचूक होता की मला कधी दिसलाच नाही.

त्या रविवारी इरफान जेवले, बॅग भरली, बूट घातले. मी दारात डबा घेऊन उभी. कोकणी बायकांच्या पिढ्यान् पिढ्या त्या दारात माझ्या मागे उभ्या होत्या आणि सगळ्या गप्प होत्या. आणि मी म्हटलं, "मला पण न्या."

"कुठे? मार्केटला?"

"खोर फक्कानला. राहायला."

ते हसले. "येडी झालीस का? तिकडे काय आहे? डोंगर आणि कंटेनर. इथे मेट्रो आहे, मॉल आहे, तुझी ग्लोरिया आहे. तिकडे कोण आहे तुझं?"

"तुम्ही आहात ना तिकडे."

इरफान गाडीची किल्ली हातात धरून उभे राहिले. मग बुटांसकट आत आले, खुर्चीत बसले. माझ्या फरशीवर बूट घालून ते आयुष्यात कधी फिरले नव्हते. खाली मान घालून म्हणाले, "मला वाटायचं, तुला इथे बरं वाटतं." एवढंच. आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या सुखाचा अंदाज बांधला होता आणि विचारलं कधीच नव्हतं. त्या दिवशी ते अंधार पडल्यावर निघाले. थंडी पडायच्या आत आम्ही घर हलवलं.

ह्या गोष्टीला आता काही उन्हाळे झाले. इथल्या खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसतात आणि त्यांच्या मागे उघडेबोडके डोंगर. सकाळी इरफान जातात, संध्याकाळी येतात. दारात बूट काढतात, पावसाळा नसला तरी घामाने ओलेच असतात ते. जाणं आधी, येणं नंतर. बहुतेक जगाचं असंच चालतं म्हणे. मला ते ह्या वयात कळलं, आणि अजूनही संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली की क्षणभर खरं वाटत नाही. मधले तास मात्र एकटीचेच आहेत. इथे किल्ल्या ठेवायला कुणी येत नाही. सनाचा फोन आठवड्यातून एकदा. मालवाहू जहाजांचे भोंगे ऐकत मी भाजी निवडते.

त्या मासिकांचं काम केव्हाच संपलं. ग्रंथालयाने सगळ्या कविता आता लोकांसाठी खुल्या केल्या आहेत. काल बोटं भाजली तेव्हा तो उन्हाळा आठवला, म्हणून ते पान शोधून काढलं आणि सनाला पाठवलं. तिने वाचून लगेच कळवलं, "सो हॅपी, मम्मा. ही कम्स बॅक." कडवी बरोबर लावली आहेत. डावी आधी, उजवी नंतर.

पानाच्या तळाशी, चूक आढळल्यास कळवा, अशी एक चौकट आहे. कुणी काय कळवलं आणि त्याचं काय झालं, तेही खाली दिसतं. तिथे ह्याच महिन्यातली एक सूचना होती. नाव नाही. इंग्रजीत दोनच वाक्यं. कडव्यांचा क्रम उलटा लागला आहे. आधी तो येतो, मग जातो. त्याखाली ग्रंथालयाचं उत्तर होतं. तपासले, क्रम योग्य आहे, सूचना अमान्य.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे ती आहे. कुठेतरी आहे, आणि इतक्या उन्हाळ्यांनंतरही तिच्या घरी कविता अजून तशीच संपते. माझी सुटका झाली, तिची नाही झाली. नेहमी चांगल्या बाजूने अंदाज करणारी बाई ती. मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली की मी इरफानबरोबरच्या संध्याकाळच्या चहाची वाट बघत बसले होते.

इरफान यायला अवकाश होता. मी ती चौकट उघडली. कडव्यांचा खरा क्रम मला ठाऊक आहे, माझ्या घरात तो रोज घडतो. तरी मी तिची दोन वाक्यं जशीच्या तशी टाइप केली. नाव घातलं नाही. तिच्यात आणि माझ्यात एका स्वल्पविरामाचाही फरक राहू नये म्हणून दोनदा ताडून पाहिलं, आणि पाठवून दिलं. दोन हातांनी सारखं लिहिलं की ते खरं धरतात.